दोन बोटं खाली!

*एकाच वयाच्या दोन झेन, आतेभावाची हौस आणि बाबांचे हात... एका दिवाळीची गॅरेज-गोष्ट*

संध्याकाळच्या वेळी पुण्यात एफसी रोडला जरा उभे राहा. पाच-दहा मिनिटांत अशी एखादी गाडी जातेच जाते. मॉडेल वीस वर्षांपूर्वीचं, रंग मात्र काल मारल्यासारखा, अलॉय व्हील्स चकाचक आणि टायरच्या वर, मडगार्डच्या कडेपर्यंत जेमतेम दोन बोटं जागा. गाडी रस्त्याला चिकटून चाललीये असं वाटतं. शेजारच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीकडे कोणी ढुंकून बघत नाही, या जुन्या डब्याकडे मात्र सगळ्या माना वळतात!

कार-वेड्यांच्या भाषेत हिला 'लोअर्ड' गाडी म्हणतात. फंडा सोपा आहे. कंपनीने दिलेल्या स्प्रिंग काढायच्या, त्यांच्या जागी आखूड आणि कडक स्प्रिंग घालायच्या, आणि त्यासोबत जुने शॉकअप काढून नवे बसवायचे. गाडी इंच-दीड इंच खाली बसते. वळणावर कलत नाही. आणि दिसते कशी? सॉलिड!

पुण्यात राहून हे सगळं मी लांबून बघत होते. स्प्रिंग आणि शॉकअप या दोन गोष्टी मुळात वेगळ्या आहेत, एक हौशीची आणि एक गरजेची, हे मला कळलं ते मात्र आमच्या गावी. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या बार्शीटाकळीत, 2025 च्या दिवाळीत.

दोन झेन, एक अंगण

मारुती झेन आठवतेय ना? 1993 मध्ये आली, 2006 मध्ये तिचं हे मूळ रूप बंद झालं. 993 सीसीचं इंजिन, गोल-गुळगुळीत बांधा, आणि त्या काळातल्या चौकोनी गाड्यांच्या गर्दीत एकदम स्मार्ट. हीच गाडी युरोपात 'सुझुकी अल्टो' या नावाने जायची. आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये झेनला मान आहे. वजनाने हलकी, पळायला चपळ, आणि मुळातच जरा ठेंगणी!

आमच्या घरची झेन डिसेंबर 2005 ची. नंबर एमएच 30, म्हणजे अस्सल अकोल्याचा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गाडी घेतली तेव्हा आमच्या आळीत चारचाकी दोनच होत्या. दरवर्षी भाऊबीजेला बाबा ही गाडी काढायचे आणि आम्हाला घेऊन अमरावतीला आत्याकडे जायचे. कधी पाऊस असायचा, कधी रस्त्याचं काम निघालेलं असायचं, एकदा तर बाबांना ताप होता. पण भाऊबीजेची ही फेरी कधी चुकली नाही.

या वेळी चुकली. बाबा म्हणाले, "यंदा आत्यालेच बोलाव. मले आता शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी चालोनं होत नाही."

मग आत्याच आली. तिला घेऊन आला आतेभाऊ. वय सत्तावीस, नोकरी हिंजवडीत, पगार बरा आणि वेड गाड्यांचं. त्याची गाडी कोणती? झेनच! पुण्यात सेकंडहँड घेतलेली, आमच्या गाडीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. डिकीत फराळाच्या डब्यांशेजारी एका गोणपाटात चार चकचकीत लाल स्प्रिंग होत्या. आखूड. पुण्यात ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या.

"मामा, तुमच्या चाचांकडूनच बसवून घेणार. पुण्यात नुसतं लेबरचं कोटेशन ऐकूनच मी खाली बसलो, गाडी राहिली वरच!"

चाचा म्हणजे आमच्या गावचे मिस्त्री. आमची झेन नवी असल्यापासून त्यांच्याच हाताखाली आहे. बाबा त्यांना 'चाचा' म्हणतात, ते बाबांना 'गुरुजी'. दोघांचं वय जवळपास सारखंच असावं, पण हा हिशोब कोणी कधी केला नाही.

इकडे घरात वेगळाच हिशोब चालू होता. आमच्या गाडीला डिसेंबरमध्ये वीस वर्षं पूर्ण होणार होती. आरसीची मुदतही तेव्हाच संपणार. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि ऑगस्ट 2025 मध्येच केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी 5,000 वरून 10,000 रुपये केली होती. आईचं म्हणणं स्पष्ट होतं. गाडी उभीच असते, बाबा चालवत नाहीत, मग पैसे कशाला घालायचे? भंगारात द्या आणि मोकळे व्हा.

बाबा काही बोलत नव्हते. ते बोलत नव्हते, हीच मला काळजी होती.

चाचांनी गाडी दाबली

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही दोन्ही गाड्या चाचांच्या शेडवर नेल्या. आतेभावाची स्प्रिंगसाठी. आमची का? कारण मीच म्हटलं की विकायची असली तरी निदान एकदा बघून तरी घ्या. स्टिअरिंगवर आतेभाऊ होता, बाबा शेजारी बसले.

चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढच्या डाव्या चाकावर, मडगार्डच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, सगळा भार देऊन दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली... देवळातल्या पाळण्यासारखी. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. ही चार वेळा नाचली.

मग त्यांनी टायरवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला सांगितलं. रबरावर उंचवटे-खळगे हाताला लागत होते, जुन्या पत्र्याच्या छपरासारखे. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारत चालतं. जिथे आपटतं तिथे जास्त झिजतं. आणि असा टायर वेग घेतला की स्टिअरिंगमध्ये थरथर पाठवतो.

"साठ के ऊपर हाथ में कंपन आता होगा, गुरुजी?" चाचांनी विचारलं.

बाबांनी आधी चाचांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "येते नं," ते म्हणाले. "मले वाटे, माह्या हातालेच कंप सुटला."

शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. गेली दोन वर्षं बाबा हे मनात घेऊन फिरत होते. अकोल्याला जायचं बंद केलं, रात्रीची गाडी बंद केली, शेवटी भाऊबीजही बंद. विचारलं की 'गुडघा दुखते' म्हणायचे. हात थरथरतात असं त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

चाचांनी हात पुसले. "आप बुढे नहीं हुए, गुरुजी. ये बुढा हुआ," असं म्हणून त्यांनी चाकाच्या आत, तेलाने काळ्या पडलेल्या नळकांड्याकडे बोट दाखवलं.

त्या नळकांड्यात असतं काय?

इथे थोडं शास्त्र. कंटाळू नका, पुढच्या सर्व्हिसिंगला उपयोगी पडेल!

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते, मग उसळते. पण स्प्रिंगला थांबता येत नाही. एकदा हलवली की ती हलतच राहणार. तिला आवरायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक वर-खाली झालं की तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, त्यात उसळीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. सील झिजलं, तेल गळलं, की आवरणारा कोणी उरत नाही आणि स्प्रिंग मोकाट सुटते.

आता 'स्ट्रट'. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1940 च्या दशकात एक युक्ती काढली. स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाला वरून धरून ठेवणारा दांडा, या सगळ्यांचा मिळून एकच खांब! 1950 मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना तो बसला आणि मग जगभरच्या छोट्या गाड्यांनी तो उचलला. कारण स्वस्त, जागा कमी खाणारा आणि सुटसुटीत. झेनच्या पुढच्या दोन्ही चाकांवर हाच खांब आहे. तुमच्या आजच्या हॅचबॅकलाही पुढे बहुतेक तोच असणार.

पण एकाच खांबावर सगळा संसार म्हटल्यावर तो खचला की सगळंच बिघडतं. स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांब फिरतो. त्याच्या डोक्यावर रबराचं माउंटिंग आणि बेअरिंग असतं. आमच्या गाडीचं डावं माउंटिंग फाटलं होतं. स्टिअरिंग वळवताना येणारी टक-टक, वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ न होणं, ब्रेक मारला की नाक खुपसणं... या सगळ्याला बाबा 'वय' म्हणत होते. वय होतंच. फक्त ते त्यांचं नव्हतं.

'काट देते ना!'

आतेभावाच्या गोणपाटातल्या लाल स्प्रिंग बघून शेडमधला पोरगा हसला. "एवढे पैसे? गॅसने कॉइल काट देते ना, भाऊ! अर्धा घंटा."

हा आपल्याकडचा लोकप्रिय जुगाड. गॅस कटरने स्प्रिंगचा एखादा वेढा उडवायचा, गाडी झाली खाली! खर्च जवळपास शून्य. चाचांनी पोराला असं काही झापलं की तो चहा आणायला पळाला. कारण सांगितलं ते पटण्यासारखं होतं. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून कसाला आणलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या भागातला कस जातो आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो. शिवाय स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही.

मग बनवून घेतलेली आखूड स्प्रिंग वेगळी कशी? ती आखूड असते आणि त्यासोबत कडकही असते. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर सरकायला जागा कमी उरली. त्या कमी जागेत तोच धक्का थांबवायचा, तर स्प्रिंग जास्त ताठ हवी. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला शॉकअप आतल्या रबरावर जाऊन आदळणार.

आणि ताठ स्प्रिंगला आवरायला शॉकअपही दमदार हवा. जुन्या, थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवणं म्हणजे रिटायर व्हायला आलेल्या मास्तरांना नववी 'फ' चा वर्ग देणं! म्हणून लोअरिंग करणारे स्प्रिंगसोबतच शॉकअपही बदलतात. आतेभावाने नवे आणलेच होते. आमच्यासाठी आदल्या दिवशी अकोल्याहून मूळ मापाचे चार शॉकअप आणि पुढची माउंटिंग मी मागवून ठेवली होती. बिलावर माझं नाव होतं. बाबांना म्हटलं, ही भाऊबीज तुमच्या बहिणीची नाही, माझी समजा.

"भाऊबीजेले बाप नसते," बाबा म्हणाले. पण पैसे परत करायचा हट्ट त्यांनी केला नाही.

शेडमधले पाच तास

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या. एकीला शॉकअप आणि लाल स्प्रिंग. दुसरीला फक्त शॉकअप, स्प्रिंग जुन्याच. काम जवळजवळ सारखं.

आधी चाकांचे नट सैल करायचे, मग जॅक लावायचा, मग गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाचा कोणालाही आत हात घालू देत नाहीत. ब्रेकची रबरी नळी खांबाला अडकवलेली असते, ती सोडवायची. खाली दोन जाडजूड बोल्ट, वर बॉनेटच्या आत नट. ते निघाले की अख्खा खांब हातात येतो. ऐकायला सोपं. वीस वर्षांचा गंज लागलेले बोल्ट मात्र असे हातात येत नाहीत. एका बोल्टला पाइप लावून पाना लांब करावा लागला, त्यावर आतेभाऊ लटकला, तेव्हा कुठे 'कट्' असा आवाज आला. आधी वाटलं, बोल्ट तुटला. तुटला नव्हता, सुटला होता!

खरी भीतीची गोष्ट पुढे. खांबाच्या डोक्यावर, अगदी मधोमध एक नट असतो. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत त्या एका नटाने धरलेली असते. आधी स्प्रिंग आवळून न घेता तो नट काढला तर स्प्रिंग सगळा जोर घेऊन उडते. समोर तोंड असेल तर तोंड जाईल. चाचांकडे स्प्रिंग आवळायचे दोन लांब आट्यांचे स्क्रू आहेत. दोन बाजूंनी आकड्यांत वेढे पकडायचे आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं समान आवळत न्यायचं. त्या दहा मिनिटांत शेडमधला रेडिओसुद्धा बंद होता.

जुना शॉकअप सुटा झाल्यावर चाचांनी त्याचा दांडा बाबांच्या हातात दिला. दाबा म्हणाले. बाबांनी एका हाताने दाबला. सरसर खाली गेला आणि तिथेच राहिला. मग नवा दिला. बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा तो सावकाश, कुरकुरत खाली गेला आणि स्वतःहून हळूहळू वर आला. बाबांनी तो पुन्हा दाबला. मग परत एकदा. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसे ते तिथे स्टुलावर बसून शॉकअप दाबत होते.

लाल स्प्रिंगच्या वेळी चाचांनी एक गोष्ट आवर्जून तपासली. चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग वाटीत सैल होते का? फारच आखूड स्प्रिंग असेल तर चाक हवेत गेल्यावर ती जागेवरून हलते आणि परत भलतीकडेच बसते. ही घट्ट होती. मागच्या चाकांचं काम त्या मानाने सोपं. तिथे त्यांचा एकच नियम. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिच्या वजनाखालीच शेवटचे घट्ट करायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

संध्याकाळी दोन्ही गाड्या जमिनीवर आल्या. आतेभावाची झेन खरंच भन्नाट दिसत होती. मी हातानेच मोजलं. आमच्या गाडीच्या टायरवर चार बोटं जागा, त्याच्या गाडीच्या टायरवर दोन. रस्त्याने जाणारी तीन पोरं सायकली टाकून बघत उभी राहिली. फोटो काढले गेले, रीळ झाली, पुण्याच्या मित्रांचे बदाम आले.

आमची गाडी सकाळी होती तशीच दिसत होती. नऊ हजारांच्या आसपास खर्च, आणि बघणाऱ्याला फरक शून्य!

कायद्याचा स्पीड-ब्रेकर

रात्री जेवताना बाबांनी भाच्याला मास्तरकीच्या सुरात विचारलं, "हे कायद्यात बसते काय रे?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक निकाल दिला आणि कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात जाणाऱ्या बदलांना दार बंद केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182 ए आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा नवा, ही सरळ दुरुस्ती. आखूड स्प्रिंग हा बदल. आरसीवर गाडीची उंची लिहिलेली नसते, असा युक्तिवाद शौकीन मंडळी करतात. पण तो तुम्ही रस्त्यावर हवालदारासमोर करणार, की अपघातानंतर विमा कंपनीसमोर, एवढं आधी ठरवून ठेवा! आतेभावाने हे सगळं ऐकलं, मान हलवली आणि 'बघतो' म्हणाला. त्याच्या मूळ स्प्रिंग बाबांनी ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवल्या. "राहू दे. लागतीन," एवढंच म्हणाले.

एकशे वीस किलोमीटर

रविवारी सकाळी आत्याला परत अमरावतीला सोडायचं होतं. नाश्ता झाल्यावर बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली. कोणी काही विचारलं नाही. आत्याने आपली पिशवी उचलली आणि सरळ आमच्या गाडीत जाऊन बसली. "मी दादाच्या गाडीत बसते. याच्या गाडीत बसलं की गुडघ्याले उठबस करा लागते."

दोन्ही गाड्या निघाल्या. मी आतेभावासोबत.

बार्शीटाकळी ते अकोला हा रस्ता म्हणजे लोअर्ड गाडीची तोंडी परीक्षा. आमच्या भागातली जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या डांबराला सोबत घेऊन हलते. रस्ता सपाट दिसतो, पण त्याच्या लाटा गाडीला कळतात. त्यात गावागावांतले ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा. म्हणजे गाडी हळूच चढेल, हळूच उतरेल. गावातला ब्रेकर मात्र पोरगं मोटरसायकलखाली येता येता वाचलं की दुसऱ्या दिवशी गावकरीच घालतात. उंची रागाच्या प्रमाणात, रुंदी उरलेल्या मालाच्या प्रमाणात!

कान्हेरीजवळ पहिला 'खर्रर्र' आवाज आला. आतेभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या ब्रेकरला त्याने गाडी तिरकी घातली. त्याच्या पुढच्याला मला खाली उतरवलं. मी ब्रेकर पायी ओलांडून पलीकडे परत गाडीत बसले. मागून बाबांची झेन आली, चढली, उतरली आणि पुढे निघून गेली. आत्याने खिडकीतून हात हलवला.

अकोल्यात दोन्ही गाड्यांचं अलाइनमेंट केलं. खांब काढून बसवला की चाकांचे कोन हलतात, त्यामुळे ते करावंच लागतं. गाडी खाली केली असेल तर जास्तच, कारण चाकं वरच्या बाजूने किंचित आत कलतात आणि टायरची आतली कड गुपचूप झिजत राहते.

आणि मग आला अमरावती हायवे. तोच, ज्यावर जून 2022 मध्ये एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनेस रेकॉर्ड झालं. इथे लाल स्प्रिंगनी आपलं नाणं वाजवून दाखवलं. लेन बदलताना गाडी जराही झुलत नव्हती, लांब वळणावर रुळांवरून गेल्यासारखी जात होती. ट्रक ओलांडताना जुन्या झेनला हवेचा जो धक्का बसतो तो नाहीच. आतेभाऊ गाणं म्हणत होता. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मलाही वाटलं, कायदा-बियदा ठीक आहे, पण मजा आहे! हौस काय असते हे कळायला हौशी माणसाच्या शेजारी बसावं लागतं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो आणि मी गाडी बदलली. बाबांच्या शेजारी बसले.

आमच्या झेनमध्ये तसलं काहीच नव्हतं. वळणावर ती थोडी कलायची, मग गप्प बसायची. जोड आला की एकदा हलायची, मग गप्प बसायची. बाबांचा काटा सत्तरवर होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि स्टिअरिंग अगदी स्थिर. मागे आत्या तिच्या सुनेच्या शोधमोहिमेबद्दल बोलत होती आणि बाबा मधून मधून 'हं' करत होते. एका क्षणी त्यांनी उजवा हात उचलला, बोटं पसरून समोर धरली, थोडा वेळ बघितलं आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवलं.

लाल स्प्रिंग पुण्यात आहेत. आतेभाऊ सोसायटीच्या गेटजवळचा ब्रेकर अजूनही तिरका घेतो आणि तरीही खूश आहे. त्याची गाडी त्याच्या रस्त्यांवर, त्याच्या जोखमीवर. आमच्या गाडीचं नूतनीकरण डिसेंबरमध्ये झालं. आता 2030 पर्यंत चिंता नाही. फी भरताना आईने एकदाच विचारलं, "एवढे पैसे कायले?"

"भाऊबीज हाय नं," बाबा म्हणाले. "पाच येतीन त्यात."

जुन्या गाडीचे शॉकअप बदलताना...

• मडगार्डचा कोपरा जोर देऊन दाबा आणि सोडा. गाडी एका-दीड उसळीत थांबली नाही तर शॉकअप तपासून घ्या.

• नळकांड्यावर तेल, टायरवर उंचवटे-खळगे, ब्रेक मारल्यावर नाक खुपसणं... या तिन्ही खुणा लक्षात ठेवा.

• शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने बदला, डावी-उजवी दोन्ही. माउंटिंग जुनं असेल तर तेही त्याच वेळी बदला, लेबर वाचतं.

• स्प्रिंग गॅसने कापू नका. कोणी कितीही 'गॅरंटी' दिली तरी!

• यूट्यूब बघून पुढच्या खांबाचा मधला नट स्वतः काढायला जाऊ नका. ते काम स्प्रिंग आवळायची हत्यारं असलेल्या मिस्त्रीचंच.

• काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या.

• घरातलं कोणी 'आता गाडी चालवणं होत नाही' म्हणालं, तर डॉक्टरसोबत गाडीही एकदा दाखवून घ्या.